आईच्या चहातली साखर आणि पेट स्कॅन

भांडुपकर | सोमवार, रात्री १०:४२

आज घरात या विषयावरून रीतसर भांडण झालं, म्हणून म्हटलं इथे विचारूनच टाकू.

आईला (वय ६३) गेल्या पावसाळ्यात लिम्फोमाचं, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचं, निदान झालं. किमो चालू आहे, मध्यावरचा पेट स्कॅन परवा झाला. मधुमेह नाही. हे आधीच सांगतो, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येईल.

निदान कळलं त्याच आठवड्यात फॅमिली ग्रुपवर तो सुप्रसिद्ध फॉरवर्ड आला. कॅन्सर साखरेवर जगतो, साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल, एका जर्मन शास्त्रज्ञाला याच शोधाबद्दल नोबेल मिळालं. खाली हात जोडल्याची तीन चित्रं. आईने दुसऱ्या दिवशी चहातली साखर सोडली. मग गूळ. मग केळं आणि चिकू. मग भात, कारण 'त्याचीही शेवटी साखरच होते'. होता होता बाई वाटीभर दुधी आणि ताक यावर आल्या. तीन आठवड्यांत चार किलो उतरले. आहारतज्ज्ञ बाईंनी काट्यावरचा आकडा पाहिला आणि आईला सोडून मला झापलं.

आता स्कॅनचं. सहा तास उपाशी. आधी बोटाला टोचून रक्तातली साखर पाहिली. मग एका अंधाऱ्या खोलीत आरामखुर्चीत बसवलं, शिशाच्या डबीतून आणलेलं इंजेक्शन दिलं आणि शाल पांघरून तासभर गप्प पडून राहायला सांगितलं. मोबाइल नाही, गप्पा नाहीत. आई सलग तासभर गप्प बसल्याची माझ्या आठवणीतली ही पहिलीच वेळ. बाहेर बसून मी कागदावर औषधाचं नाव वाचलं: फ्लुओरोडिऑक्सिग्लुकोज. शेवटी ग्लुकोज! तंत्रज्ञ मुलाला विचारलं तर म्हणाला, "साखरच आहे हो, फक्त किरणोत्सारी. गाठीला साखरेची भूक जास्त, म्हणून गाठ चमकते."

आई नेमकी तेव्हाच बाहेर येत होती. झालं. "बघ! मी म्हणत नव्हते?"

तर प्रश्न असा: मशीनच साखर चारून गाठ शोधत असेल, तर साखर बंद केल्यावर गाठ उपाशी का मरत नाही? डॉक्टर म्हणाले "सगळं खा", आणि पुढच्या पेशंटला हाक गेली. आईला 'सगळं खा' पटत नाही, तिला कारण हवंय. निवृत्त शिक्षिका आहे.

निंबोणी | सोमवार, रात्री ११:०५

आईंना लवकर आराम पडो. आमच्याकडे मावससासऱ्यांना रोज सकाळी लिंबूपाणी द्यायचे. कॅन्सर आम्लात वाढतो म्हणे, शरीर अल्कलाइन ठेवायचं. करून बघायला काय हरकत आहे?

कडू_कारले | सोमवार, रात्री ११:११

निंबोणीताई, लिंबू आंबट असतं हो.

निंबोणी | सोमवार, रात्री ११:१४

पोटात गेल्यावर अल्कलाइन होतं असं वाचलंय. टवाळी नको.

प्रयोगशाळेतला_उंदीर | मंगळवार, पहाटे १२:५०

झोप उडाली, आता लिहितोच. मी डॉक्टर नाही, पेशींच्या चयापचयावर काम करतो. औषधोपचाराबद्दल बोलणार नाही.

भांडुपकर, आईंनी पाहिलं ते बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला आहे. आणि याच जागी चुकणाऱ्या त्या पहिल्या नाहीत. खुद्द तो जर्मन शास्त्रज्ञही इथेच घसरला होता.

त्याचं नाव ओटो वारबुर्ग. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये तो उंदरांच्या गाठींचे पातळ काप करून ते किती ऑक्सिजन घेतात, किती आम्ल सोडतात हे मोजत बसायचा. नेहमीची पेशी ऑक्सिजन असेल तर ग्लुकोज पूर्ण जाळते, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होईपर्यंत. गाठीची पेशी भरपूर ऑक्सिजन असतानाही बरंचसं ग्लुकोज अर्धवट सोडते आणि त्याचं लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकते. दही आंबट होतं ते याच आम्लामुळे. म्हणजे कॅन्सरची पेशी श्वास घेता येत असताना विरजण लावत बसते म्हणा ना.

हिशेब बघा. ग्लुकोजचा एक रेणू पूर्ण जाळला तर ३६ एटीपी (एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन). विरजण लावलं तर २. इतका आतबट्ट्याचा धंदा ही पेशी का करते? वारबुर्गचं उत्तर असं की तिच्या भट्ट्या, म्हणजे मायटोकाँड्रिया, बिघडल्या आहेत आणि हा बिघाड हेच कॅन्सरचं मूळ. १९५६ पर्यंत तो हेच ठासून सांगत होता. पण बहुतेक गाठींमधल्या भट्ट्या व्यवस्थित पेटलेल्या असतात. आणि फॉरवर्डमधलं ते नोबेल: ते १९३१ चं, पेशीच्या श्वसनातल्या एन्झाइमबद्दलचं. कॅन्सरबद्दलचं नव्हे.

मग खरं कारण काय? गावाला घर बांधायला काढलंय, अंगणात फणसाचं लाकूड येऊन पडलंय. ते सगळं चुलीत घातलंत तर ऊब भरपूर मिळेल, पण दाराच्या चौकटी कशाच्या करणार? दर वेळी दोन होणाऱ्या पेशीला आधी स्वतःचं सगळं सामान दुप्पट करावं लागतं. डीएनए, प्रथिनं, भोवतीचा चरबीचा पडदा. हे सगळं कार्बनचं बांधकाम, आणि ग्लुकोजमध्ये सहा कार्बन असतात. पूर्ण जाळलं की सहाच्या सहा धुरात जातात. म्हणून ही पेशी ग्लुकोज वाटेत जागोजागी अडवते. एका फाट्यावर डीएनएला लागणारी रायबोज साखर काढते, दुसऱ्या फाट्यावर सेरिन नावाचं अमिनो आम्ल, आणखी पुढे चरबीचा कच्चा माल. उरलेलं लॅक्टिक आम्ल करून सोडून देते, म्हणजे वरची साखळी तुंबत नाही. साखर तिला जळण म्हणून हवी असते, पण त्याहून जास्त विटा म्हणून हवी असते. आणि विटा एकाच दुकानातून घ्यायचं तिने कुठे लिहून दिलंय? ग्लुकोज कमी पडलं तर ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल घेते, चरबी घेते, काही गाठी तर शेजारच्या पेशींनी टाकलेलं लॅक्टिक आम्लसुद्धा खातात.

उद्या ऑफिस आहे. चमचाभर साखरेचा हिशेब राहिला, तो उद्या.

बायोकेमवाली | मंगळवार, सकाळी ८:३०

उंदीरराव, छान लिहिलंय, पण ३६ हा आपल्या बारावीच्या पुस्तकातला आकडा. हल्ली ३० ते ३२ धरतात. मायटोकाँड्रियाच्या पडद्यातून थोडी गळती होते आणि वाहतुकीचा खर्चही पडतो.

आणखी एक. अशी साखर ओढणाऱ्या पेशी फक्त कॅन्सरच्याच नसतात. जंतूंशी लढायला उठलेल्या पांढऱ्या पेशी हेच करतात, गर्भाच्या पेशीही. जिथे झपाट्याने बांधकाम चालू तिथे हाच खाक्या. म्हणूनच पेट स्कॅनमध्ये टीबीची गाठसुद्धा झकास चमकते. आपल्या मुंबईत डॉक्टर नुसत्या चमकीवर विश्वास ठेवत नाहीत, तुकडा काढून तपासतात, त्याचं एक कारण हे.

प्रयोगशाळेतला_उंदीर | मंगळवार, सकाळी ८:५२

३० ते ३२ मान्य. रात्री साडेबाराला बारावीचंच पुस्तक आठवतं.

विरार_फास्ट | मंगळवार, सकाळी ९:२०

पण मग ती साखर गाठीतच अडकून का राहते? खाऊन संपत का नाही? (गाडीत उभ्याने विचारतोय.)

बायोकेमवाली | मंगळवार, सकाळी ९:४१

तुमच्याच गाडीचं उदाहरण देते. साधं ग्लुकोज पेशीत शिरलं की त्याला एक फॉस्फेट चिकटतो आणि ते पुढच्या एन्झाइमकडे जातं. स्कॅनच्या ग्लुकोजमध्ये दुसऱ्या कार्बनवरचा ऑक्सिजन काढून तिथे किरणोत्सारी फ्लुओरिन बसवलेला असतो. फॉस्फेट चिकटतो, पण पुढचं एन्झाइम त्याला घेत नाही. आणि फॉस्फेट लागल्यामुळे दारातून मागेही जाता येत नाही. बोरिवलीला उतरायचं म्हणून विरार फास्टमध्ये चढलेल्या माणसासारखी गत. आत तर गेला, पुढे सरकता येत नाही, बाहेर पडता येत नाही.

आईंना गप्प का बसवलं, तेही यातच आलं. बोललं की स्वरयंत्राचे स्नायू साखर ओढतात आणि गळ्यात उगाच चमक दिसते. शाल अशासाठी की थंडी वाजली तर मानेजवळची, ऊब तयार करणारी तपकिरी चरबी पेटते आणि तीही साखर ओढते.

विरार_फास्ट | मंगळवार, सकाळी ९:४४

मी आत्ता बोरिवलीलाच अडकलोय. समजलं.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १:१५

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये तंत्रज्ञ आहे, थोडं आमच्या बाजूने. या फ्लुओरिनचं अर्धआयुष्य ११० मिनिटं. म्हणजे सायक्लोट्रॉनमधून (हा फ्लुओरिन बनवणारं यंत्र) माल निघाला की घड्याळ सुरू. पहाटे बनतो, शिशाच्या भांड्यात घालून गाडीने निघतो, आणि गाडी ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकली तर निम्म्याहून अधिक माल हवेत. तुम्हाला 'सकाळी साडेसहाला या' म्हणून सांगतात त्यात पेशंटला छळायचा हेतू नसतो.

देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आपल्या परळचाच, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, २००२ साली सुरू झाला.

आणि भांडुपकर, स्कॅनमध्ये मेंदू, हृदय आणि मूत्राशयही चमकतात. पेशंट फिल्म उजेडात धरून घाबरतात. मेंदू नेहमीच साखर खातो, आणि मूत्राशयात लघवीवाटे बाहेर पडणारं औषध साठतं. बस.

प्रयोगशाळेतला_उंदीर | मंगळवार, रात्री ९:३०

चमचाभर साखर. आईंना हे स्वयंपाकघरात उभं करून दाखवा.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. उपाशीपोटी साखर १०० आली तर त्याचा अर्थ दर १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. पाच लिटरला पाच ग्रॅम. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून चहाचा एक चमचा. आणि एकटा मेंदू दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज वापरतो. मग हा चमचा रिकामा का होत नाही? कारण यकृत तो अखंड भरत असतं. तुम्ही साखर खाल्ली नाहीत, भात खाल्ला नाहीत, तरी यकृत साठा मोडतं, आणि तो संपला की स्नायूंतली प्रथिनं मोडून त्यांची साखर करतं. आईंचे जे चार किलो गेले त्यात दंडाचं, मांडीचं मांस आहे. गाठीच्या वाट्याचा चमचा भरलेलाच राहिला, तो भरायला आईंनी स्वतःचे स्नायू दिले.

यात आणखी एक चीड आणणारी गोष्ट आहे. गाठीने टाकलेलं लॅक्टिक आम्ल रक्तातून यकृताकडे जातं आणि यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. गाठ एका ग्लुकोजमागे २ एटीपी कमावते, ते परत घडवायला यकृताचे ६ जातात. भाडेकरू दोन रुपये कमावतो आणि मालक त्याच्यासाठी सहा भरतो. आजार वाढलेला असताना पेशंट खाऊनपिऊनही वाळतो, त्याची जी अनेक कारणं असतात त्यातलं हे एक.

निंबोणीताई, गाठीच्या भोवती आम्ल असतं हे खरं आहे. पण ते गाठ स्वतः करते. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ मध्ये फुप्फुसं आणि मूत्रपिंडं धरून ठेवतात, लिंबाने तो हलत नाही. लिंबूपाणी आवडत असेल तर जरूर प्यावं.

कडू_कारले | मंगळवार, रात्री १०:०२

सगळं मान्य. पण मग कीटो आहारावर (साखर, भात जवळपास बंद, भर चरबीवर) जगभर चाचण्या का चालू आहेत? तुमचेच लोक करतायत ना? घरातल्या बायकांनी साखर सोडली की अंधश्रद्धा आणि पांढरा कोट घालून सोडली की संशोधन?

प्रयोगशाळेतला_उंदीर | मंगळवार, रात्री १०:४०

कारलेराव, प्रश्न अगदी रास्त आहे.

चालू आहेत, कारण त्यात काहीतरी असू शकतं. पण बहुतेक जागी खरा मुद्दा साखरेपेक्षा इन्सुलिनचा आहे. इन्सुलिन हा पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारा निरोप. २०१८ मध्ये उंदरांवरचं एक काम आलं: एका विशिष्ट प्रकारच्या औषधाने इन्सुलिन उसळतं आणि त्यामुळे औषधाचाच परिणाम बोथट होतो, कीटो आहार दिला तर औषध जास्त चालतं. छान. पण त्याच कामात रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये नुसता कीटो दिलेल्या उंदरांचा आजार उलट वेगाने वाढला. कोणता कॅन्सर, कोणतं औषध, यावर उत्तर उलटंपालटं होतं. म्हणून चाचण्या करायच्या.

दुसरं उदाहरण मेटफॉर्मिनचं. मधुमेहाची गोळी, इन्सुलिन खाली आणते, सगळ्यांना मोठी आशा होती. स्तनाच्या कॅन्सरच्या, मधुमेह नसलेल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला. आजार परत येण्यात फरक पडला नाही. पांढऱ्या कोटवाल्यांचीही अशी जिरते. फक्त ते छापतात.

गिरणगावचा | बुधवार, सकाळी ७:१०

तुम्ही सगळे वारबुर्गच्या बर्लिनला गेलात, मी तुम्हाला परळला परत आणतो. अवांतर वाटेल, पण वाचा.

१९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. इथल्या गिरणीकामगार वस्तीतल्या गरोदर बायका एका विचित्र रक्तक्षयाने मरत होत्या, तांबड्या पेशी कमी आणि असलेल्या फुगलेल्या. माझी पणजी त्याच काळात गिरणीत सांचे सांभाळायची. तिच्या दोन बहिणी बाळंतपणात गेल्या, कशाने ते घरात कोणालाच माहीत नाही. विल्सबाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत काम केलं आणि शेवटी काय लागू पडलं? मार्माइट. पावावर लावायचं ते यीस्टचं काळं, खारट चाटण. स्वस्तातलं. १९३१ मध्ये त्यांनी ते छापलं. त्यातला गुणकारी पदार्थ पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला.

आता कॅन्सरशी संबंध. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, मुलांना फोलिक आम्लासारखे पदार्थ देऊन पाहिले आणि आजार भडकल्यासारखा दिसला. मग त्यांनी उलटा विचार केला, फोलिक आम्लाची वाट अडवणारं औषध द्यावं. ते औषध बनवून दिलं लेडर्ले कंपनीतल्या येल्लाप्रगडा सुब्बारावांच्या गटाने, आंध्रातल्या भीमावरमचा माणूस. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांचा वृत्तांत छापला, त्यातल्या १० मुलांमध्ये काही काळ सुधारणा दिसली. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्झेट आजही वापरतात. आणि तुम्ही जे एटीपी एटीपी करताय ना, ते १९२९ मध्ये शोधणाऱ्यांतही हेच सुब्बाराव होते.

हाफकिनपासून टाटा मेमोरियल चालत जाण्याच्या अंतरावर. मी रोज त्या रस्त्याने जातो, बायका नातेवाइकांचे डबे घेऊन फुटपाथवर बसलेल्या असतात.

बायोकेमवाली | बुधवार, सकाळी ९:०५

गिरणगावचा, अवांतर कसलं, हाच तर मुद्दा आहे! फोलिक आम्ल नसेल तर डीएनएची अक्षरं तयार होत नाहीत. म्हणजे पुन्हा विटाच. कॅन्सरला उपाशी मारण्याची कल्पना खोटी नाही, फक्त ते ताटातून साधत नाही.

आणखी एक नमुना, लहान मुलांच्या ल्युकेमियातलं अॅस्परजिनेज. आपल्या बहुतेक पेशी अॅस्परजिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवतात, त्या ल्युकेमियाच्या पेशींना ते नीटसं जमत नाही, त्या रक्तातून उचलतात. औषध रक्तातलं अॅस्परजिन मोडून टाकतं. पण हेच काम आहारातून अॅस्परजिन वगळून होणार नाही, कारण शरीर ते बनवत राहतं.

आणि भांडुपकर, किमोबरोबर पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या आहेत का? लिम्फोमाच्या नेहमीच्या किमोत असतात. त्या दिवसांत मधुमेह नसलेल्यांचीही साखर वाढू शकते. तेवढे दिवस गोड किती घ्यायचं आणि साखर कधी तपासायची ते डॉक्टरांना विचारून घ्या.

सूनबाई_डबेवाली | बुधवार, दुपारी ३:२०

सासूबाईंच्या वेळी आमच्या आहारतज्ज्ञांनी वजनावर आणि प्रथिनांवर भर द्यायला सांगितला होता. अंडं, मूगडाळीचं धिरडं, पनीर, शेंगदाण्याचा कूट सगळ्यात. एकदम ताट वाढायचं नाही, दर दोन तासांनी वाटीभर. साखर चमचाभर चहात पडली तर पडली.

भांडुपकर | बुधवार, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार. बायोकेमवाली, हो, पाच दिवस गोळ्या आहेत, उद्या फोन करून विचारतो.

काल चमचा दाखवला. आईने पाच लिटर म्हणजे किती ते बघायला पिंप भरायच्या दोन कळशा मांडल्या, एक चमचा साखर हातात धरून बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी दुधी खाऊन माझे दंड वाळवले." रात्री भात खाल्ला. मेतकूट, तूप. दीड मूद.

गिरणगावचा यांची गोष्टही वाचून दाखवली. आईची आजी लालबागलाच होती, त्यावर अर्धा तास गेला.

आज सकाळी चहात साखर घातली, तर एक घोट घेऊन कप बाजूला ठेवला. मी वैतागलो, म्हटलं आता काय? तर म्हणते, साखरेचं काही नाही रे, किमोपासून चहाच लोखंडासारखा लागतो, पाणीसुद्धा. दोन महिने हे तिने कोणाला सांगितलंच नव्हतं. यावर काही आहे का?

सूनबाई_डबेवाली | बुधवार, रात्री ११:३१

आहे. स्टीलचा चमचा आणि पेला बंद करा, काचेचा कप आणि प्लास्टिकचा चमचा द्या. पदार्थ गरम न देता कोमट किंवा गार द्या. तोंडात फोड नसतील तर कोकमाचं सार, आवळा चघळायला. फोड असतील तर आंबट अजिबात नको.

निंबोणी | बुधवार, रात्री ११:३८

आणि फोड नसतील तर लिंबूपाणीही चालेल ना?

कडू_कारले | बुधवार, रात्री ११:४०

चालेल, ताई. साखर घालून.